राग येतो, द्वेष करतात, डूख धरतात

द्वेष करतात, राग येतो, डूख धरतात, वैर पडते, सूड उगवतात. दुसऱ्याचे वाईट व्हावे असे वाटण्याच्या प्रत्येक तऱ्हेला मराठीने आपले क्रियापद नेमून दिले आहे. शब्दकोशात प्रतिशब्द म्हणून शेजारीशेजारी छापलेले शब्द व्यवहारात कुठे वेगळे होतात, हे या क्रियापदांवरून आणि त्यांच्या जोडीच्या प्रत्ययांवरून जितके कळते तितके व्याख्यांवरून कळत नाही. ‘मला राग आला’ या वाक्यात ‘मी’ कर्ता नाही. राग पावसासारखा आला आणि गेला. ‘त्याने तिचा द्वेष केला’ या वाक्यात मात्र कर्ता आहे आणि त्याच्यावर ठपकाही आहे. ‘धरणे’ हे तिसरेच काम. येणारी गोष्ट आपोआप निघून जाते, धरलेली गोष्ट हाताने सोडावी लागते.

प्रत्ययांचीही अशीच वाटणी आहे. द्वेष, मत्सर, हेवा, तिरस्कार हे कोणाचे तरी असतात. राग, डूख आणि दात कोणावर तरी असतात. वैर आणि दावा कोणाशी तरी असतो. अढी, आकस, किल्मिष कोणाविषयी तरी मनात असते. यातल्या ‘शी’ला दोन बाजू लागतात. गृहनिर्माण सोसायटीतला एखादा सभासद सेक्रेटरीचा वर्षानुवर्षे द्वेष करू शकतो आणि सेक्रेटरीला त्याचे नावही आठवत नसते. पण त्याच्याशी वैर असायचे तर सेक्रेटरीलाही त्यात थोडा वेळ खर्चावा लागतो.

ही बारकाई संस्कृतातूनच चालत आली आहे. पाणिनीने अष्टाध्यायीतल्या एका सूत्रात (१.४.३७) क्रोध, द्रोह, ईर्ष्या आणि असूया या चार अर्थांचे धातू एकत्र घेतले आणि ज्याच्यावर कोप असेल त्याची चतुर्थी होते असे सांगितले. सूत्राचा हेतू विभक्ती ठरवण्याचा, मानसशास्त्राचा नव्हे. पण टीकाकारांना चौघांतला फरक सांगणे भाग पडले. त्यांच्या मते क्रोध म्हणजे न सोसणे, द्रोह म्हणजे अपकार करणे, ईर्ष्या म्हणजे दुसऱ्याचे बरे सहन न होणे आणि असूया म्हणजे दुसऱ्याच्या गुणांत दोष काढणे. ‘द्विष्’ धातू या चौकडीत नाही, त्याला साधी द्वितीया लागते. त्यामुळे द्वेषाचा विचार या चौघांपासून वेगळा करावा लागतो, आणि मराठीतही तो वेगळाच राहिला आहे.

संस्कृत शब्द मराठीत येताना काहींनी वाटेत कूस बदलली. सगळ्यात मोठा पालट ‘राग’ या शब्दाचा. मूळ धातू ‘रञ्ज्’ म्हणजे रंगणे. त्यामुळे राग म्हणजे रंग, लाली, आसक्ती, प्रेम. पतंजलीच्या योगसूत्रांत सांगितलेल्या पाच क्लेशांत राग आणि द्वेष ही एकमेकांविरुद्धची जोडी आहे: हवेसे वाटणे आणि नकोसे वाटणे. मराठीने रागातली लाली तेवढी उचलली आणि ती गालांवरून डोळ्यांत नेली. आज ‘रागद्वेष’ म्हटले की मराठी वाचक एकाच बाजूच्या दोन भावना समजतो आणि जुन्या ग्रंथांतले अर्धे वाक्य त्याच्या हातून निसटते. ‘अनुराग’ आणि गाण्यातला राग यांसारखे थोडे साक्षीदार जुन्या अर्थाच्या बाजूने उभे आहेत.

‘घृणा’ची गोष्ट याहून चमत्कारिक. संस्कृतात तिचा एक अर्थ ऊब, दया असा होता आणि किळस हा अर्थही तिला चिकटला. मराठीत दुसरा अर्थ टिकला. पण ‘निर्घृण खून’ या बातमीतल्या नेहमीच्या शब्दात पहिला अर्थ अजून जिवंत आहे. निर्घृण म्हणजे दया नसलेला. किळस नसलेला असा अर्थ घेतला तर बातमीच फिरेल. ‘मत्सर’ ऋग्वेदात सोमरसाचे विशेषण आहे, झिंग आणणारा असे. पुढे ती झिंग आपमतलबाची झाली आणि अखेर दुसऱ्याच्या भल्याने होणाऱ्या जळफळाटाची. षड्रिपूंच्या यादीत काम, क्रोध, लोभ, मोह, मद यांच्या शेवटी मत्सर येतो. द्वेषाला त्या यादीत जागाच नाही. षड्रिपू हे माणसाच्या आतले शत्रू. द्वेष आतला की बाहेरचा, हा प्रश्न यादी करणाऱ्यांनी बहुधा मत्सराकडे सोपवून दिला.

मत्सराच्या घरात हेवा, असूया, ईर्षा आणि जळणे राहतात. हेवा हा त्यांतला सर्वांत निरुपद्रवी. ‘हेवा वाटावा असा संसार’ ही स्तुती आहे, ‘मत्सर वाटावा असा संसार’ असे कोणी म्हणत नाही. हेव्यात ते आपल्यालाही मिळावे असे असते, मत्सरात ते त्याला मिळू नये असे. असूया ही मत्सराची शिकलेली बहीण. तिला टीका करता येते, तळटीप देता येते, आणि गुणालाच दोष ठरवता येते: उदार माणसाला उधळ्या, शांत माणसाला मिंधा. ‘असूया’ हा शब्द मराठीत म्हणूनच समीक्षेत आणि संपादकीयात अधिक भेटतो, नळावर कमी. नळावरचा शब्द ‘जळणे’ किंवा ‘पोटात दुखणे’.

डोळ्यांचा या भावनेशी फार जवळचा संबंध. दुसऱ्याचे बरे ‘देखवत नाही’, तो ‘डोळ्यांत सलतो’, त्याला ‘पाण्यात पाहतात’. गुजरातीत मत्सराला ‘अदेखाई’ म्हणतात, म्हणजे न देखवणे. मुंबईच्या मालाडसारख्या उपनगरात, जिथे एकाच बाजारात मराठी, गुजराती आणि हिंदी एका वाक्यात मिसळतात, तिथे ‘देखवत नाही’ आणि ‘अदेखाई’ हे दोन्ही एकाच दुकानदाराच्या तोंडी ऐकू येऊ शकतात. दुकानाच्या दारावर शनिवारी बांधलेले लिंबू-मिरची याच समजुतीवर लटकते. वाईट इच्छा नजरेतून बाहेर पडते आणि ‘दृष्ट’ म्हणून लागते. दृष्ट लावणाऱ्याच्या मनात द्वेष असलाच पाहिजे असे नाही. कौतुकाचीही दृष्ट लागते. म्हणून आई स्वतःच्या बाळाची दृष्ट काढते, आणि त्यात कोणावर आरोप नसतो.

वैराचा पसारा मोठा आहे आणि तो बराचसा हिशोबाच्या भाषेत मांडलेला आहे. ‘वैर’ हा शब्द ‘वीर’ या शब्दापासून निघाला. वैदिक वाङ्मयात ‘वैरदेय’ म्हणजे मारल्या गेलेल्या माणसाबद्दल द्यायची भरपाई. वैर हे मुळात देणे होते. मराठीने ते विसरलेले नाही: वैर फिटते, उट्टे काढतात, सूड उगवतात, कर्ज आणि पीक यांच्यासारखे. फिटले नाही तर ते वारसाने पुढच्या पिढीकडे जाते आणि ‘हाडवैर’ होते. ‘दावा’ हा अरबी शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आला तो हक्काचा, फिर्यादीचा अर्थ घेऊन. वतनाच्या तंट्यांत फिर्याद आणि शत्रुत्व वेगळे काढणे कठीणच असणार, म्हणून ‘दावा’ म्हणजे वैर आणि ‘दावेदार’ म्हणजे वैरी असेही अर्थ रूढ झाले. ‘जावा जावा, उभा दावा’ या म्हणीत तो अर्थ आहे. आज दिवाणी न्यायालयात दावा दाखल होतो आणि मुख्यमंत्रिपदाचे दावेदार वर्तमानपत्रात असतात. दुसऱ्या उदाहरणात जुना अर्थ अगदीच नाहीसा झाला आहे असे म्हणवत नाही.

‘भाऊबंदकी’ तर मराठीचे खास पीक. शब्दाची घडण पाटीलकीसारखी, साधी नात्याची; पण भाऊबंद म्हणजे वाटेकरी, आणि वाटा आला की तंटा आला. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यावर कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०९ मध्ये नाटक आणले, त्याचे नाव ‘भाऊबंदकी’. ‘ध’चा ‘मा’ झाल्याची आख्यायिका याच खुनाची. ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले ते एका अक्षराने, आणि मराठीत वैराचा सगळा व्यवहार क्रियापदावर कसा अवलंबून असतो याचे इतके रोकडे उदाहरण दुसरे नाही.

वैराच्या पायऱ्या उतरत गेले की ‘वितुष्ट’ लागते. ते पूर्वी गोडी असलेल्यांतच येते, अनोळखी माणसाशी वितुष्ट येत नाही. ‘तेढ’ बहुधा दोन गटांत असते, ‘बेबनाव’ एका मंडळात किंवा मंत्रिमंडळात, ‘बिनसणे’ कुठेही. ‘छत्तीसचा आकडा’ देवनागरी लिपीशिवाय समजत नाही: ३ आणि ६ यांच्या पाठी एकमेकांकडे असतात, ६३ लिहिले की ते समोरासमोर येतात. ‘विळ्याभोपळ्याएवढे सख्य’ मात्र एकतर्फी आहे. भोपळ्याने विळ्याचे काही बिघडवल्याचे ऐकिवात नाही. पोलिसी आणि बातमीच्या मराठीने या सगळ्यांची जागा एका शब्दाला दिली आहे, ‘पूर्ववैमनस्य’. संस्कृतात वैमनस्य म्हणजे खिन्नता, मन उतरणे. मराठीत उतरलेले मन दुसऱ्यावर चढले. ‘पूर्ववैमनस्यातून हल्ला’ या दोन शब्दांत पाण्याच्या वेळेवरून झालेली बाचाबाची, पार्किंगची जागा, थकलेले उसने पैसे आणि मोडलेले लग्न अशा सगळ्या कथा एकाच पोत्यात जातात. बातमीदाराचे काम होते, वाचकाला काही कळत नाही.

मनात ठेवलेल्या, बाहेर न पडलेल्या दुर्भावनेसाठी मराठीकडे जी बारीक नाणी आहेत ती खरोखर पाहण्यासारखी. ‘किंतु’ हे मुळात संस्कृत उभयान्वयी अव्यय, ‘पण’ एवढाच त्याचा अर्थ. मराठीने त्याचे नाम केले: ‘माझ्या मनात किंतु नाही’. मनातला ‘पण’. ‘किल्मिष’चे मूळ संस्कृत ‘किल्बिष’ म्हणजे पाप, मराठीत ते काचेवरच्या डागाएवढे उरले. ‘अढी’ त्यापेक्षा जड. आंबे पिकायला गवतात घालतात तीही अढी. दोन शब्द एकच की वेगळे हा व्युत्पत्तीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी बोलणाऱ्याच्या मनात ते भेटतात, कारण दोन्ही ठिकाणी अंधारात झाकून ठेवलेली वस्तू आपोआप पिकते. ‘आकस’ अढीपेक्षा कृतीच्या जवळ. अढी असलेला परीक्षक गुण देताना बिचकेल, आकस असलेला कापेल. ‘आकसाने’ हे क्रियाविशेषण कार्यालयीन तक्रारींत हटकून येते, कारण त्यात हेतूचा आरोप असतो आणि पुरावा मागायची सोय नसते.

‘डूख’ सापाचा. दुखावलेला साप माणूस ओळखून ठेवतो आणि वर्षांनी गाठतो अशी समजूत आहे. सापाला असे काही जमत नाही, पण माणसाला जमते आणि तो ते सापाच्या नावावर घालतो. ‘खार खाणे’ आणि ‘दात धरणे’ यांत तोंड आहे. दोन्ही कोणावर तरी असतात, दोन्हींत वाट पाहणे आहे. ‘खुनशी’ हे माणसाच्या स्वभावाचे विशेषण, त्याला एखादे विशिष्ट सावज लागत नाही.

मुंबईच्या उपनगरांनी या यादीत अलीकडे दोन शब्दांची मोलाची भर घातली आहे. पहिली ‘खुन्नस’. कुरार गावातल्या गल्लीत, मालवणीच्या गेटांवर किंवा मालाडच्या फलाटावर गाडीच्या दारात ती ‘देतात’, आणि देण्याचे साधन डोळे. मराठीत याआधीची कुठलीही दुर्भावना हातोहात देण्याची नव्हती. डूख लपवून धरतात, खुन्नस उघड देतात. घेणाऱ्याला ती पोचली पाहिजे, नाहीतर ती दिलीच गेली नाही. म्हणून तिचा प्रत्यय ‘चा’ नाही, ‘शी’ नाही, तर ‘ला’. दुसरी भर ‘डोक्यात जाणे’. ‘तो माझ्या डोक्यात जातो’ या वाक्यात नावडता माणूसच कर्ता आहे. बोलणारा बिचारा बसल्या जागी बसला होता, समोरचा उठून त्याच्या डोक्यात गेला. जबाबदारी झटकण्याची इतकी सुबक रचना संस्कृतालाही साधली नव्हती. शिष्ट लेखनात हे दोन शब्द अजून बिचकत येतात, ते पुढेमागे ठाण मांडतील.

घरातल्या दुर्भावनेचा शब्द ‘दुस्वास’. तो करणाऱ्याच्या हाती काहीतरी वाढायचे असते: जेवण, पैसा, माया, सुट्टी. सावत्र आई दुस्वास करते असे म्हणतात, सावत्र मूल आईचा दुस्वास करते असे सहसा म्हणत नाहीत. म्हणजे या शब्दात सत्तेची पायरी गृहीत आहे. ‘सापत्नभाव’ही त्याच घरातला, पण तो आता घर सोडून अर्थसंकल्पाच्या चर्चेत गेला आहे; केंद्र राज्याला आणि राज्य विदर्भाला सापत्न वागणूक देते. ‘पंक्तिप्रपंच’ म्हणजे एकाच पंगतीत एकाला तूप आणि दुसऱ्याला कोरडा भात. द्वेषाचे हे ताटातले रूप इतके नेमके आहे की त्याला भावनेचे नाव द्यावेच लागत नाही. ‘नावडतीचे मीठ अळणी’ ही म्हण त्याच स्वयंपाकघरातली, फक्त तिथे अन्याय वाढणारीवर होतो.

किळस, शिसारी, तिटकारा, वीट आणि उबग ही शरीराच्या जवळची मंडळी. ती सगळी ‘येतात’, म्हणून कोणी त्यांबद्दल दोष देत नाही. किळस आणि शिसारी पहिल्या नजरेत येते, वीट आणि उबग अति झाल्यावर. लाडक्या पदार्थाचाही वीट येतो, किळस आली तर तो पदार्थ बिघडलेला असतो. संस्कृत ‘जुगुप्सा’ हा शब्द ‘गुप्’ म्हणजे राखणे या धातूच्या इच्छार्थक रूपातून आला: स्वतःला राखावेसे वाटणे. भरताच्या नाट्यशास्त्रात ती बीभत्स रसाचा स्थायीभाव. ‘तिरस्कार’ मात्र शरीराचा नव्हे. ‘तिरस्’ म्हणजे आड, पलीकडे. नाटकातल्या पडद्याला ‘तिरस्करिणी’ म्हणत. तिरस्कार करणे म्हणजे पडद्याआड ढकलणे, आणि म्हणून तो वरून खाली होतो. वैरी बरोबरीचा लागतो, तिरस्कृत खालचा.

याच वळणावर महाराष्ट्राच्या इतिहासातला सर्वांत जड शब्द येतो, ‘विटाळ’. ज्याचा विटाळ मानला जातो त्याचा द्वेष करावा लागत नाही. स्वभावाने दयाळू, कोणावर खार न खाणारा माणूसही शिवाशिव पाळू शकत असे, कारण तिथे भावनेचे काम नियम करीत होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी लोक प्यायले. त्यानंतर मारहाण झाली ती रागाने, असे म्हणता येईल. पण पुढे तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले ते शांतपणे, विधीपूर्वक. दुर्भावनेच्या कुठल्याही कोशात न सापडणारे नुकसान ते हेच. म्हणून अस्पृश्यतेविरुद्धचे कायदे, १९५५ चा असो की १९८९ चा, मुख्यतः मनात काय होते याचा शोध न घेता वागण्याला शिक्षा सांगतात.

दुसऱ्या काही कायद्यांना मात्र मनातच शिरावे लागले, आणि त्याचे एक ठळक उदाहरण मुंबईत, एका मराठी वृत्तपत्रावरून घडले. १५ जून १८९७ च्या ‘केसरी’तील मजकुराबद्दल टिळकांवर भारतीय दंड संहितेच्या १२४-अ कलमाखाली खटला चालला. १८७० मध्ये घातलेल्या या कलमात सरकारविषयी अप्रीती उत्पन्न करणे हा गुन्हा होता. अप्रीती म्हणजे काय? न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी मुंबई उच्च न्यायालयात ज्यूरीला समजावले की अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव, आणि त्यात द्वेष, शत्रुत्व, नावड, वैरभाव, तिरस्कार आणि दुर्भावनेचा प्रत्येक प्रकार आला. मराठीने जे शब्द प्रत्ययाप्रत्ययाने वेगळे ठेवले ते एका वाक्यात एका पोत्यात भरले गेले. या मापाने नावडतीचे मीठसुद्धा राजद्रोही ठरले असते. ज्यूरीतल्या सहा युरोपियनांनी टिळकांना दोषी धरले, तीन भारतीयांनी निर्दोष. शिक्षा अठरा महिने सक्तमजुरीची झाली.

पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, कलम दुरुस्त झाले. अप्रीतीत राजनिष्ठेचा अभाव आणि शत्रुत्वाच्या सर्व भावना येतात असे स्पष्टीकरण आले, ‘द्वेष किंवा तिरस्कार’ हे शब्द मूळ मजकुरात आले, आणि सरकारच्या कृतीविषयीची नुसती नापसंती गुन्हा नाही असे वेगळे सांगावे लागले. त्याच दुरुस्तीने १५३-अ हे कलम जन्माला आले. त्यात सरकारऐवजी समाजातले गट समोरासमोर आहेत. आजच्या रूपात ते धर्म, वंश, भाषा, जात अशा गटांमधले शत्रुत्व, द्वेष किंवा दुर्भावना यांविषयी बोलते. १९०८ च्या दुसऱ्या खटल्यात तर मराठी लेखांच्या इंग्रजी भाषांतराचाच वाद झाला आणि टिळकांनी अनुवादकाची उलटतपासणी शब्दाशब्दावर घेतली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. १५३-अ तिथे कलम १९६ म्हणून जवळपास तसेच राहिले, पण १२४-अ च्या जागी आलेल्या कलम १५२ मध्ये द्वेष, तिरस्कार आणि अप्रीती हे तिन्ही शब्द नाहीत.

गटांविषयीचा द्वेष मराठीने समासात आधीच वेगळा करून ठेवला होता. गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताचे लक्षण सांगताना ‘अद्वेष्टा’ हा शब्द येतो. मराठीत नकार गळून ‘द्वेष्टा’ उरला आणि तो नेहमी एखाद्या वर्गाच्या मागे लागतो: स्त्रीद्वेष्टा, संगीतद्वेष्टा, महाराष्ट्रद्वेष्टा. ‘शेजारीद्वेष्टा’ असे कोणी म्हणत नाही, शेजाऱ्याचा वैरी असतो. वैराला नाव-गाव लागते, द्वेषाला जात, भाषा, धर्म पुरतो. ज्याला कधी भेटलो नाही त्याच्याशी वैर करता येत नाही, त्याचा द्वेष बिनदिक्कत करता येतो.

वर्तमानपत्री मराठीत अशा बोलण्याला आज तीन-चार नावे आहेत आणि ती सर्रास अदलून बदलून वापरली जातात. ‘प्रक्षोभक भाषण’ ऐकणाऱ्यावरच्या परिणामाकडे बोट दाखवते, ‘चिथावणीखोर’ पुढच्या कृतीकडे, ‘द्वेषमूलक’ बोलणाऱ्याच्या मनातल्या मुळाकडे. न्यायालयाला यांतले शेवटचे तपासावे लागते. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकावरून पुण्यात दाखल झालेला गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने मंझर सईद खान विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २००७ च्या निकालात रद्द केला, तो १५३-अ चा गाभा हेतू आहे, आणि तो सुटे उतारे वेचून नव्हे तर संपूर्ण लेखनातून दिसला पाहिजे, या मुद्द्यावर. पुढे एप्रिल २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने सर्व राज्यांना द्वेषमूलक वक्तव्यांवर कोणाच्या तक्रारीची वाट न पाहता गुन्हे नोंदवण्यास सांगितले. उपनगरातले असे गंभीर खटले मालाड-गोरेगावलगतच्या दिंडोशी सत्र न्यायालयात उभे राहू शकतात. भाषण मराठीतले असेल तर आरोपपत्रासोबत त्याची ध्वनिफीत आणि शब्दशः उतारा जोडला जातो, आणि वकिलांचा वाद पुन्हा तिथेच येतो: बोलणाऱ्याला राग आला होता, की तो द्वेष करीत होता.